गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, बांबोळी

पणजीच्या दक्षिणेला, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर बांबोळीच्या पठारावर असलेले गोवा सरकारचे शिक्षण रुग्णालय. गोव्यातली मराठी वृत्तपत्रे त्याला ‘गोमेकॉ’ म्हणतात. सिंधुदुर्गात नुसते ‘बांबोळी’ म्हटले तरी पुरते. ‘बांबोळीक हलयलो’ म्हणजे दुखणे तालुक्याच्या आवाक्याबाहेर गेले.

संस्थेचे मूळ १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यक-शल्य विद्यालयात आहे. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे आजच्या स्वरूपातील वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने ते पणजीतून बांबोळीला गेले. मांडवीकाठची जुनी इमारत आता चित्रपट महोत्सवासाठी ओळखली जाते.

राज्यात म्हापसा आणि मडगावला जिल्हा रुग्णालये आहेत. मेंदूची शस्त्रक्रिया, हृदयशस्त्रक्रिया, गंभीर अपघात अशा बाबींत मात्र सरकारी व्यवस्थेचे शेवटचे टोक हेच. त्याचे खरे क्षेत्र राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. सावंतवाडीहून बांबोळी सुमारे ६० किलोमीटर, तर कोल्हापूर आंबोली घाट चढून त्याच्या दुपटीहून लांब. त्यामुळे बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले, कुडाळ इथला रुग्ण दक्षिणेकडेच उतरतो. कारवारकडचेही येतात. मालवणी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचे गाऱ्हाणे कोकणी परिचारिकेला दुभाष्याशिवाय कळते, ही सोय कुठल्याही आराखड्यात लिहिलेली नसते.

या पट्ट्याचे काही आजार त्याचेच आहेत. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप, येतो. काजूच्या हंगामात, साधारण जानेवारी ते मे, दोडामार्ग-बांदा आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण निघतात. मेलेल्या माकडाजवळच्या गोचिडी चावून तो होतो. फुरसे चावलेला रुग्ण इथे पोहोचण्याआधीचे काम गावाकडच्या आरोग्य केंद्राचे असते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर विष रक्तात भिनले असे धरून सर्पविषरोधक लशीच्या १० कुप्या शिरेतून द्यायच्या आणि ६ तासांनी चाचणी पुन्हा करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निष्कर्ष चुकतो. लस न देता नुसते सलाईन लावून गाडी काढली, तर प्रवासाचे दोन तास मूत्रपिंडांना भोवू शकतात आणि बांबोळीत डायलिसिसची वेळ येऊ शकते.

हृदयविकाराच्या झटक्यासाठी २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली ‘स्टेमी गोवा’ ही व्यवस्था पहिला उपचार जवळच, मग प्रवास याच तत्त्वावर चालते. लहान केंद्रात ईसीजी काढून तो लगेच गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवतात, निदान पक्के झाले की रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देतात, आणि मग १०८ रुग्णवाहिकेतून रुग्ण अँजिओग्राफीसाठी हलवतात. छातीत दुखू लागल्यापासून पहिल्या तीन तासांत या इंजेक्शनचा उपयोग सर्वाधिक. बारा तासांनंतर फारसा उरत नाही. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घालवलेली रात्र कोणतेही रुग्णालय परत मिळवून देत नाही. रस्त्याचेही तसेच आहे. काणकोण-मडगावकडच्या रुग्णवाहिकेला झुआरी नदी ओलांडावीच लागते आणि पुलाजवळची कुठ्ठाळीची वाहतूक कोंडी वर्षानुवर्षे गाजली. नवा पूल २०२२ च्या डिसेंबरपासून टप्प्याने खुला झाल्यावर ती सुटली.

रुग्णाला पुढे पाठवताना दिलेली संदर्भचिठ्ठी हा कागद वाटतो त्यापेक्षा मोलाचा. दिलेले औषध, मात्रा आणि ती दिल्याची घड्याळी वेळ त्यावर हवी. ‘प्राथमिक उपचार केले’ एवढ्या शेऱ्यावर इथल्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही, आणि तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात.

खर्चाच्या बाबतीत मात्र हद्द आडवी येते. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख) फक्त गोव्यात किमान पाच वर्षे राहिलेल्यांसाठी आहे. २०१८ च्या सुरुवातीला परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलने झाली आणि महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे लागू करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना मुद्दा होता: खाटा गोव्याच्या करदात्यांच्या, पण गोव्यातल्या हॉटेलांत आणि कारखान्यांत राबणारे हात सिंधुदुर्गाचेही. सीमेपलीकडून येणाऱ्याने शिधापत्रिका आणि आधार कार्डाच्या मूळ प्रती सोबत आणाव्यात. रुग्ण दाखल झाल्यावर त्या आणायला नातेवाइकाला गावी पाठवण्यात दिवस जातो.

मे २०२१ मध्ये या अवलंबित्वाची दुसरी बाजू दिसली. कोविड विभागांतला प्राणवायू ट्रॉलीवर एकत्र जोडलेल्या सिलिंडरांतून येत होता. ट्रॉली बदलताना वाहिनीतला दाब उतरे, आणि पहाटे २ ते ६ या वेळेत रुग्ण दगावू लागले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले. त्याच महिन्यात द्रवरूप प्राणवायूची २० हजार लिटरची टाकी बसली. द्रवाचा वायू होऊन तो थेट वाहिनीत जात असल्याने दर थोड्या वेळाने सिलिंडर बदलण्याचा प्रश्न मिटला.

सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तिथे तज्ज्ञांची पदे किती भरतात, रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ जागेवर मिळतो का, यावर गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडणाऱ्या रुग्णवाहिकांची संख्या ठरेल.