घड्याळाचा ठेका आणि शेजारचा रेडिओ

एप्रिल १९७५. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची बैठक भरली होती. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या हौशी माणसाने आपला अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर तिथे मांडला, त्याच्यावर एक साधा रेडिओ ठेवला आणि पुढच्या पट्टीवरची बटणं खाली-वर करत बराच वेळ एक प्रोग्रॅम भरला. मशीनला ना पडदा, ना स्पीकर. तरी प्रोग्रॅम सुरू झाला आणि रेडिओतून चक्क गाणं वाजायला लागलं. झालं होतं असं, की घरी हवामानाचा अंदाज ऐकताना अल्टेअर चालू केला की जवळचा रेडिओ खरखरतो, हे डॉम्पियरच्या लक्षात आलं होतं. कमी-जास्त लांबीचे लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारे तुकडे, लिहून त्याने त्या खरखरीला सुरात बसवलं.

क्लॉकचा, म्हणजे चिपच्या कामाला ताल देणाऱ्या विजेच्या ठोक्यांचा, उपद्रव कमी करण्याच्या खटपटीचा इतिहास मी इथूनच सुरू करतो, कारण त्या रात्री ज्या खरखरीला टाळ्या पडल्या तिलाच चार वर्षांनी कायद्याने गुन्हेगार ठरवलं.

आधी थोडं कारण. चिपमधलं क्लॉक म्हणजे पथकातला ताशा. त्याच्या ठेक्यावर सगळे ढोल एकाच क्षणी पडतात, म्हणून आवाज तीन गल्ल्या पलीकडे जातो. चौकोनी लहरीत मूळ फ्रीक्वेन्सीबरोबर तिच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सी, म्हणजे हार्मोनिक्स, असतात. ते किती वरपर्यंत दमदार राहतात हे क्लॉकच्या वेगापेक्षा त्याची कड, म्हणजे व्होल्टेजची खालून वर जाणारी झेप, किती तीव्र आहे यावर ठरतं. कड चढायला १ नॅनोसेकंद लागत असेल, तर साधारण ३१८ मेगाहर्ट्झपर्यंत त्यांचा जोर टिकतो आणि पुढे झपाट्याने ओसरतो. क्लॉक १० मेगाहर्ट्झचं असलं तरी हेच. नवशिके इंजिनिअर इथे हमखास फसतात.

अमेरिकेत घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले तशा शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रेघा उमटू लागल्या. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९७९ मध्ये कॉम्प्युटरच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. टँडीचा टीआरएस-८० मॉडेल १ त्यात बसेना, म्हणून जानेवारी १९८१ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. त्याच्या काही खेळांत आवाजासाठी शेजारी रेडिओ ठेवावा लागे, यावरून काय ते समजावं. अटारीने ४०० आणि ८०० या मॉडेलांच्या पोटात ॲल्युमिनियमचं जाडजूड कवच घातलं. त्या काळचं उत्तर हेच होतं: पत्रा. चिप बनवणाऱ्यांना ही आपली अडचण वाटतच नव्हती, ती डबा बनवणाऱ्याची होती.

ती चिपच्या आत शिरली वेगामुळे. १९९२ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा अल्फा २१०६४ हा प्रोसेसर आला. २०० मेगाहर्ट्झ, सुमारे १७ लाख ट्रान्झिस्टर आणि ३० वॉट. त्यातली जवळपास ४० टक्के वीज एकटं क्लॉक खात होतं. एकाच क्लॉक-जाळ्यावर ३.२५ नॅनोफॅरडच्या कपॅसिटन्सचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या क्षमतेचा, भार होता आणि तो दर ५ नॅनोसेकंदांनी भरायचा आणि रिकामा करायचा होता. इतका प्रवाह एका दमात ओढला की पुरवठ्याचा व्होल्टेज खचतो, कारण पॅकेजच्या पिनांना इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या अचानक बदलाला अडवणारा गुण, असतो आणि बाहेरून वीज येईपर्यंत कड होऊन गेलेली असते. म्हणून डिझायनरांनी चिपवरच सुमारे १२८ नॅनोफॅरडची डिकपलिंग कपॅसिटन्स पसरली. पाहुणे येण्याआधी घरातच पाण्याची पिंपं भरून ठेवावीत, तसं. डाय शॉट, म्हणजे उघड्या चिपचा फोटो, दाखवून वेग आणि ट्रान्झिस्टरची संख्या सांगतात, ही पिंपं कुणी दाखवत नाही.

पुढची पायरी तारांची. क्लॉकची तार शेजारच्या तारेला कपॅसिटन्समधून धक्का देते, तसाच शेजारणीचा धक्का क्लॉकलाही बसतो आणि कड पुढे-मागे सरकते. म्हणून क्लॉकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टेजची, तार ओढायची पद्धत रुळली. जागा जाते, पण इलाज नाही. ॲनालॉग आणि डिजिटल भाग एकाच सिलिकॉनवर आले, तेव्हा सबस्ट्रेटमधून, म्हणजे चिपच्या तळाच्या सिलिकॉनमधून, झिरपणारा गोंगाट हा वेगळाच अभ्यास झाला.

काहींनी मुळावरच घाव घातला: क्लॉकच नको. मँचेस्टर विद्यापीठात स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने क्लॉकविरहित ॲम्युलेट प्रोसेसर बनवले. फिलिप्सने तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पेजरमध्ये क्लॉकविरहित मायक्रोकंट्रोलर घातला. नेहमीचा कंट्रोलर चालू असताना पेजरचा रिसीव्हर बहिरा होत असे, त्यामुळे संदेश घेताना त्याला गप्प बसवावं लागे. क्लॉकविरहित चिपमध्ये दोघे एकत्र काम करू शकले. कल्पना माझ्या मते अतिशय देखणी होती. पण डिझाइनची सगळी साधनं क्लॉक गृहीत धरून बनलेली, त्यामुळे ती एका कोपऱ्यातच राहिली.

जिंकली दुसरीच युक्ती. केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या लेक्समार्क या प्रिंटर कंपनीत कीथ हार्डिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये स्प्रेड स्पेक्ट्रम क्लॉकची पद्धत मांडली. ठेका मुद्दाम किंचित ढळवायचा. १०० मेगाहर्ट्झचं क्लॉक ९९.५ आणि १०० च्या दरम्यान हेलकावत ठेवायचं, सेकंदाला तीसेक हजार वेळा. फ्रीक्वेन्सीच्या आलेखावरचं एका ठिकाणचं उंच टोक मग बुटकं आणि रुंद होतं. हेलकावा साइन लहरीसारखा ठेवला तर क्लॉक दोन्ही टोकांशी जास्त रेंगाळतं आणि तिथे पुन्हा शिंगं फुटतात, म्हणून टोकाशी झटकन वळवणारा आकार त्यांनी शोधला. आलेखावर तो हर्शीज किस चॉकलेटसारखा दिसतो आणि इंजिनिअर त्याला त्याच नावाने ओळखतात. आज पीसीआय एक्सप्रेस आणि साटा या कॉम्प्युटरमधल्या जोडण्यांच्या मानकांमध्ये ०.५ टक्क्याचा हा ढळ अधिकृतपणे मान्य आहे.

यावर जुना आक्षेप असा, की ऊर्जा तेवढीच राहते, कचरा फक्त पसरतो. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चाचणीचा रिसीव्हर एका वेळी १२० किलोहर्ट्झची खिडकी उघडून पाहतो, त्याला कमी दिसतं इतकंच. आक्षेपात तथ्य आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिची जागा ठरवताना माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी आहे, हेही पाहिलं होतं. अशा श्रोत्याला एकाच जागी रुतलेली टोकदार रेघ एक वेळ परवडते, तेवढी चॅनेल टाकून देता येते. पसरलेला गोंगाट कुठे कापणार?

फोनच्या चिपमध्ये हाच पेच रोजचा आहे. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झला येतो आणि मुख्य पट्टा दोन्ही बाजूंना साधारण १ मेगाहर्ट्झ पसरतो. २५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा ६३ वा हार्मोनिक १५७५ वर, म्हणजे थेट त्याच्या अंगावर पडतो. म्हणून २४ घ्यावं, तर त्याचा ६६ वा १५८४ वर, सुरक्षित अंतरावर. मग नियमांची चाचणी पार व्हावी म्हणून कुणीतरी त्या क्लॉकला ०.५ टक्क्याचा स्प्रेड लावतं, आणि तोच हार्मोनिक घसरत १५७६.०८ पर्यंत येऊन जीपीएसच्या पट्ट्यात शिरतो.