कामाला खुंटा हवा

मागच्या वर्षी जुलैत आमच्या वहिनीच्या हातून पीकविम्याचा अर्ज राहून गेला. वहिनी विसरभोळी नाही. ती अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या कोणत्या लेकराचं वजन मागच्या महिन्यात किती भरलं, कोणत्या बाळंतिणीच्या बाळाला कधी लस आहे, हे ती रजिस्टर न उघडता सांगते. पण त्या आठवड्यात कपाशीत निंदण लागलं होतं, बायांची मजुरी शनिवारी द्यायची होती, घरातल्या वयस्क दादांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, मोबाइलवर पोषणाची माहिती भरायची होती. त्यातून वेळ काढून ती ऑनलाइन सेंटरवर एकदा जाऊन आली, तर तिथं सर्व्हर बंद. "उद्या या," म्हणाले. तो उद्या आलाच नाही.

"ध्यानातच नाही राह्यलं भाऊ," ती मला म्हणाली. "डोकं असं भनभन करते का काही सुचतच नाही."

घरात मात्र सगळ्यांनी एकच निदान केलं: हिला शिस्त नाही. मला हे निदान तेव्हाही पटलं नाही आणि त्यानंतर स्मृतीविषयीचं जे काही वाचलं, त्यानं तर ते पार चुकीचं ठरवलं. कामं वेळेवर होणं हा स्वभावाचा गुण आहे असं आपण लहानपणापासून धरून चालतो. प्रत्यक्षात तो बराचसा मांडणीचा प्रश्न आहे: कोणतं काम कशाला बांधलंय, याचा.

आधी मेंदूची जागा किती, ते पाहू. एका वेळी मनात जागतं ठेवता येतं अशा गोष्टींची संख्या फार थोडी असते. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ती सातच्या आसपास असल्याचं मांडलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी जुने-नवे प्रयोग तपासून तो आकडा चारच्या जवळ आणला. म्हणजे मनाचं सूप एवढंसं असतं. वहिनीच्या त्या आठवड्यातली कामं मोजा, तिच्या सुपातून काय सांडणार ते दिसतंच.

पण सूप लहान आहे एवढ्यानं गोष्ट संपत नाही. 'आठवण' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. परीक्षेत प्रश्न विचारला की उत्तर आठवणं ही एक. तिथं समोरून कुणीतरी विचारतं. दुसरी आठवण पुढच्या कामाची: गोळ्या आणायच्या, अर्ज भरायचा, दुधाचे पैसे द्यायचे. इथं विचारणारं कुणी नसतं. योग्य घडीला ती आठवण आपली आपणच वर यावी लागते. हातात विळा असताना, डोक्यावर भारा असताना यावी लागते. म्हणून पाढे पाठ असलेला हुशार माणूसही गॅसचं पुस्तक घरी विसरून येतो.

जील आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास या दुसऱ्या आठवणीचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी तिचे दोन प्रकार केले. एक घड्याळाला बांधलेली: 'चार वाजता फोन करायचा'. दुसरी घटनेला बांधलेली: 'पोस्टमन दिसला की विचारायचं'. घड्याळाच्या आठवणीत मनाला मधूनमधून स्वतःच वेळ बघत राहावं लागतं, त्यामुळे ती लवकर निसटते. घटनेच्या आठवणीत घटनाच येऊन दार वाजवते. त्यांच्या प्रयोगांत वयस्क माणसं घड्याळाच्या कामात तरुणांच्या मागे पडली, पण घटनेला बांधलेल्या कामात फारशी मागे नव्हती. हे वाचलं तेव्हा मला दादा आठवले. ७४ वर्षांचे दादा मोबाइलवर अलार्म लावत नाहीत, तरी ढोरं घरी आली की त्यांची संध्याकाळची गोळी चुकत नाही.

खरं म्हणजे आपलं सगळं जुनं वेळापत्रक घटनांचंच होतं. रोहिणीत वावर तयार, मृगात पेरणीची घाई. सूर्याच्या वाटेवरची २७ नक्षत्रं वर्षभरात सरतात, म्हणजे एकेक साधारण १३-१४ दिवसांचं. या कामाला इतके दिवस असं त्यातच ठरून जायचं. पोळ्याच्या आत डवरणी-निंदण उरकायचं. बाजाराच्या दिवशी उधारी द्यायची. दिवेलागणीला धारा काढायच्या. सकाळची एसटी फाट्यावर आली की पोरं शाळेला निघायची. तारीख विचारली तर म्हातारी माणसं गोंधळायची, काम मात्र चुकत नव्हतं.

घड्याळ आपल्याकडे तसं पाहुणंच आहे. साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ मिळाली ती १ जानेवारी १९०६ पासून. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. सूर्याला एक अंश पार करायला ४ मिनिटं लागतात, म्हणून वर्षाच्या सरासरीनं पाहिलं तर गडचिरोलीला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात १२ वाजून १० मिनिटं झालेली असतात, नागपूरला १४ आणि बुलडाण्याला सुमारे २५. एकट्या विदर्भातच दुपारच्या दोन टोकांत पाव तासाचं अंतर आहे. सावलीवर दिवस मोजणाऱ्या माणसाला यानं काही फरक पडत नव्हता.

अडचण सुरू झाली ती कागदांची कामं आली तेव्हा. पीकविमा, ई-केवायसी, कर्जाचं नवं-जुनं, पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, ही सगळी तारखेची कामं. आभाळ भरून आलं की पेरणी आठवते, पण ३१ जुलै भरून येत नाही. तारखेला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. आणि ही कामं नेमकी अशा दिवसांत येतात जेव्हा वावरातलं तण आवाज देत असतं.

मोबाइलचा अलार्म लावा, असं कुणीही सुचवेल. अलार्ममुळे तारखेची घटना होते, हे खरं. पण तो वाजतो तेव्हा आपण कुठे असतो ते महत्त्वाचं. वहिनी कपाशीच्या तासात वाकलेली असताना अकराला अलार्म वाजला, तिनं चिखलाच्या हातानं तो बंद केला आणि संपलं. जिथं काम करता येईल तिथंच ते आठवलं पाहिजे. बैलाचं दावं आपण खुंट्याला बांधतो, वाऱ्याला बांधत नाही.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं याच गोष्टीचं साधं सूत्र केलं: 'अमुक झालं की मी तमुक करीन.' 'मला अर्ज भरायचाय' ही झाली नुसती इच्छा. 'बुधवारी बाजारात उतरलो की भाजीच्या आधी सेंटरवर जाईन' हा झाला बांधलेला बेत. २००६ मध्ये गोल्विट्झर आणि पाश्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बेताचा फायदा मध्यम ते मोठा निघाला. याला जादू समजू नये. अमेरिकेत एका कंपनीच्या कामगारांना फ्लूच्या लशीबद्दलच्या पत्रात लस घ्यायची तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहायला लावली, तेव्हा लस घेणारे सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. पण एका ओळीच्या लिखाणातून शंभरात चार माणसं जास्तीची येत असतील, तर आपल्या लसीकरणाच्या चिठ्ठीवरही ती ओळ असावी असं मला मनापासून वाटतं.

आता ती भनभन. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्ल्यूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेनं असं मांडलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हे दरवेळी दिसलं नाही. मात्र तिची सहकारी मारिया ओव्स्यांकिना हिनं १९२८ मध्ये दाखवलेली गोष्ट आजवर टिकून आहे: अर्धं राहिलेलं काम माणसाला परत स्वतःकडे ओढतं. ही ओढ काम संपेपर्यंत राहते का? २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी हेच तपासलं. माणसं काही वाचत असताना राहिलेल्या कामांचे विचार मध्ये येत होते, पण त्या कामांचा नेमका बेत ज्यांना करू दिला, त्यांच्या मनात ते घुसणं थांबलं. काम तर अजून झालंच नव्हतं. मनाला 'याची सोय लागली' एवढी खात्री पुरली.

टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिलं. काहींनी केलेली कामं लिहिली, काहींनी उद्याची. उद्याची लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांनी जास्त बारकाईनं लिहिलं ते आणखी लवकर. हा अभ्यास लहान आहे, २०१८ चा. तरी रात्री भांडी घासून झाल्यावर लेकराच्या जुन्या वहीचं एक पान वापरायला पैसे लागत नाहीत.

पैशावरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची विचारशक्ती ऊस तुटण्याआधी आणि नंतर तपासली गेली. माणसं तीच. हंगामाआधी, हात रिकामा असताना, त्यांचे निकाल खालावलेले होते. या निष्कर्षावर पुढे वादही झाला. पण कपाशीच्या पहिल्या वेचणीच्या आधीचे दिवस ज्यानं काढलेत, त्याला त्यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा गोळ्या विसरणाऱ्याला शिस्तीचे धडे देणं मला क्रूर वाटतं.

आणि बायांचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. घरातली कामं लक्षात ठेवणं हेही कामच आहे, आणि ते या मिनिटांत कुठे मोजलं जातं? दादांच्या गोळ्या संपल्या हे वहिनीच्या डोक्यात का असावं? म्हणून खुंटा एकाच्या डोक्यात नको, घरात सगळ्यांना दिसेल असा हवा.

यंदा मे महिन्यात आम्ही एवढंच केलं. दाराजवळच्या खुंटीवर बाजाराची थैली टांगलेली असते, तिच्याच आत प्लास्टिकच्या पन्नीत सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स ठेवली. पेऱ्याचं घोषणापत्र पेरणी झाली त्या रात्री लिहून त्यातच टाकलं. गोळ्यांचं रिकामं पाकीटही त्याच थैलीत पडतं. एक ठरलं की बाजाराला जो जाईल त्यानं आधी पन्नी रिकामी करायची, मग भाजी. सेंटरला एका फेरीत काम होत नाही, हे मागच्या वेळचं ध्यानात ठेवून जुलैतले चार बुधवार त्यासाठी धरले.

पहिल्या बुधवारी दादाच गेले. सर्व्हर बंद होता. कागद थैलीतच राहिले. दुसऱ्या बुधवारी माझा भाऊ गेला आणि पावती घेऊन आला. वहिनी त्या वेळी अंगणवाडीत लेकरांची वजनं घेत होती. संध्याकाळी तिनं पावती कॅलेंडरमागे खोचली आणि वांगी निवडायला बसली.