ड्रोन घेताना आधी वारा बघा

पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. समुद्राकडून आलेला वारा सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळतो, पुढे वाट नसल्यानं कडा चढू लागतो आणि खाली पडणारं पाणी उचलून माथ्यावर आणतो. निसर्गाचं चित्रीकरण करायला ड्रोन घेणाऱ्या हौशी माणसाला अशाच जागा खुणावतात. दुकानात मात्र त्याचा पहिला प्रश्न असतो, "फोर-के आहे ना?" फोर-के आता बहुतेक सगळ्यांत असतं. विचारायला हवं ते वाऱ्याचं.

ड्रोन हवेत एका जागी उभा दिसतो तेव्हाही त्याची झटापट चालूच असते. जीपीएसनं जागा ढळल्याचं सांगितलं की तो वाऱ्याच्या दिशेनं तोंड खुपसल्यासारखा कलतो. कलल्यावर पंख्यांचा काही जोर वारा अडवण्यात जातो. मग उंची टिकवायला ते आणखी जोरात फिरतात आणि बॅटरी भराभर उतरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. डब्यावर छापलेली तीस मिनिटं वारा नसतानाची असतात.

समजा, ड्रोन सेकंदाला १२ मीटर वेगानं उडतो आणि वारा आहे ८ मीटरचा. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरचा वेग २० मीटर; ६०० मीटर अंतर अर्ध्या मिनिटात संपतं. परतताना उरतात फक्त ४ मीटर, म्हणजे तेवढ्याच अंतराला अडीच मिनिटं. वारा १२ वर गेला, तर ड्रोन पूर्ण जोर लावूनही जागचा हलणार नाही. कड्याच्या धारेवर असा झोत यायला वेळ लागत नाही. म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावं आणि येताना वाऱ्याबरोबर यावं. घेताना माहितीपत्रकात कमाल वेग आणि किती वाऱ्यात टिकतो, हे दोन आकडे आधी शोधावेत.

इथे वजनाचा पेच येतो. जड ड्रोन बहुधा वाऱ्यात जास्त ठाम राहतो. पण ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे २ किलोपर्यंतच्या 'मायक्रो'लाही हौसेपुरती ती सूट आहे. व्यवसायासाठी उडवला की ती सूट मिळत नाही. नवख्यानं नॅनोच घ्यावा, असं माझं मत आहे. खिशाला परवडतो, पिशवीत मावतो, आणि पडला तरी नुकसान कमी. फक्त जोराच्या वाऱ्यात तो बाहेर काढायचा नाही.

कॅमेऱ्यात मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार बघा. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, तरी स्वस्त ड्रोनमधल्या १/२.३ इंचीपेक्षा त्याचं क्षेत्रफळ चौपट भरतं. पहाटे आकाश उजळलेलं आणि दरी काळोखी असते, तेव्हा हा फरक डोळ्यांत भरतो. तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, नसेल, तर सेन्सर कितीही चांगला असो, चित्र थरथरणार. सेकंदाला २५ चौकटी घेत असाल तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवा. उन्हात त्यासाठी लेन्सवर काळसर एनडी फिल्टर लावावा लागतो.

उंचीचा आकडाही फसवतो. ड्रोन हवेच्या दाबावरून उंची मोजतो, तीही उड्डाणाच्या जागेपासून. कड्यावरून सोडून दरीवर नेला की पडद्यावर शून्यच दिसतं, खाली मात्र काहीशे मीटर पोकळी असते. हिरव्या पट्ट्यातली, म्हणजे नकाशावर हिरव्या दाखवलेल्या, उड्डाणाला आधी परवानगी न लागणाऱ्या भागातली ४०० फुटांची, म्हणजे सुमारे १२० मीटरची, मर्यादा जमिनीपासून मोजायची असते. त्यामुळे दरीच्या तोंडावर ती मर्यादा कळायच्या आत ओलांडली जाते. निघण्यापूर्वी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा, आणि जागा अभयारण्यात असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी काढा.