एका मेकचे क्लब आणि रांगेत आलेल्या परक्या गाड्या

फोर्डच्या मस्टँगवाल्यांनी काढलेल्या ड्राइव्हला कुणी शेव्हरोलेटची कमॅरो घेऊन आला, तर त्याला रांगेत घ्यायचं की हात हलवून निरोप द्यायचा? मोटारींच्या क्लबांत हा वाद दर हंगामात निघतो आणि बहुधा निष्ठेच्या भाषेत लढला जातो. मेकची, म्हणजे एकाच कंपनीच्या गाडीची अट मुळात कशासाठी आली ते पाहिलं, तर निष्ठेपेक्षा नट-बोल्टचे पाने आणि सुटे भागच जास्त दिसतात.

जुन्या गाड्या जपणाऱ्या पहिल्या क्लबांना मेकशी देणंघेणं नव्हतं. ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरची जाचक वेगमर्यादा सैल झाली आणि त्या दिवशी लंडनहून ब्रायटनला मोटारींची मिरवणूक निघाली. १९२७ पासून तिची आठवण म्हणून निघणाऱ्या दौडीत आजही अट आहे ती फक्त जन्मसालाची: गाडी १९०५ पूर्वीची हवी. सरासरी वेग ताशी २० मैलांच्या वर न्यायचा नाही, हा दुसरा नियम. १९३० चा व्हेटरन कार क्लब आणि १९३४ चा व्हिंटेज स्पोर्ट्‌स कार क्लब यांनीही रेघ वयावर ओढली. दुसऱ्याने सुरुवातीला १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या धरल्या. अशा रांगेत कुणाच्या बॉनेटवर काय लिहिलंय याला महत्त्व नसतं, कारण सगळ्यांचे ब्रेक सारखेच बेताचे असतात.

एका मेकचे क्लब याच सुमारास निघाले: बुगाटीवाल्यांचा १९२९ मध्ये, एमजी कार क्लब १९३० मध्ये, बेंटलीवाल्यांचा १९३६ मध्ये. त्यांचं काम वेगळं होतं. गाडी बंद पडली की कुठला नट कुठल्या पान्याने सुटतो हे माहीत असलेला माणूस जवळ असणं, ही त्या काळची खरी गरज होती.

एमजी या ब्रिटिश मेकचंच उदाहरण घेऊ, कारण यापेक्षा चमत्कारिक सापडणं कठीण. टी मालिकेतल्या टीबी ते टीएफ या गाड्यांचं एक्सपीएजी जातीचं इंजिन कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात घडलं, तो मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतलेला. तिथली यंत्रं मिलिमीटरची, त्यामुळे इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक. पण गिऱ्हाइकाच्या पेटीत पाने व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, म्हणून त्याच बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली. त्यात ८ मिलिमीटर बोल्टच्या आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर, म्हणजे दुकानात सहज मिळणाऱ्या १.२५ पिचच्या बोल्टपेक्षा बारीक. बाजारातला बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले. पान्यांची वेगळीच गंमत. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. आपल्याकडचा १३ चा पाना त्या डोक्यावर बसत नाही आणि १४ चा डोक्याचे कोपरे खातो. हे सगळं माहीत असलेला माणूस ऑस्टिनवाल्यांत किंवा फोर्डवाल्यांत भेटत नसे, म्हणून मेकची अट.

पुढे ही अट सैल होण्यात पैशाचं गणितही दिसतं. बुगाटी ओनर्स क्लबने १९३७ मध्ये ग्लॉस्टरशरमधली प्रेस्कॉट नावाची जागा विकत घेतली आणि १९३८ पासून तिथल्या चढावर शर्यती सुरू केल्या. ब्रिटनमध्ये बुगाटी मुळातच मोजक्या. त्यांच्याच प्रवेशशुल्कावर चढ, वळणं आणि इमारत राखणं अवघडच, आणि फाटक परक्यांना उघडलं. व्हिंटेजवाले तिथे आपली सभा भरवू लागले आणि ब्रिटिश हिल क्लाइंब अजिंक्यपदाच्या फेऱ्याही होऊ लागल्या. चढ १९६० पासून ११२७ यार्डांचा, म्हणजे किलोमीटरहून जरासा जास्त. मालकी मात्र बुगाटीवाल्यांची राहिली. जागा आपली, नियम आपले, गाड्या सगळ्यांच्या.

अमेरिकेत उलटी घडी बसली. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर पन्नास-साठच्या दशकांत पोरं संध्याकाळी गाड्या फिरवत, आणि फोर्ड, शेव्हरोलेट, पाँटियाक एकाच सिग्नलला शेजारी उभ्या राहत. दोन मेकची चुरस हाच तिथला मुद्दा, तर परक्याला कोण हाकलणार? ऑगस्ट १९९५ मध्ये फर्नडेल गावचे नेल्सन हाऊस यांनी मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरवली. फर्नडेल ते पाँटियाक शहर हा साधारण १६ मैलांचा पट्टा आता दर ऑगस्टला भरून वाहतो. रस्त्यावर कुठल्याही मेकची गाडी चालते, पण ‘मस्टँग ॲली’ नावाची वेगळी आळी असते आणि तिथे उभी राहते ती फक्त मस्टँग. चालताना सगळे एकत्र, थांबल्यावर आपापल्या आळीत: या वादावरचा हा आम्हांला सगळ्यांत शहाणा तोडगा वाटतो. फोटो एका जातीच्या गाड्यांचा हवा असतो, तो आळीत मिळतो. त्यासाठी रांग तोडावी लागत नाही.

आणि ‘आपला मेक’ म्हणजे तरी काय? १९६१ ची एमजी मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइट या जवळपास एकच गाडी. मेकचा नियम काटेकोर पाळला, तर एक आत आणि तिची जुळी बहीण बाहेर. आपल्यासाठी तर याहून जवळचा दाखला आहे. १९५५ च्या एमजीए स्पोर्ट्‌स कारमध्ये बीएमसी या तिच्या मालक कंपनीचं १४८९ सीसी बी-सिरीज इंजिन होतं. त्याच घराण्याचं १४८९ सीसी इंजिन आपल्या अँबेसेडरने कित्येक वर्षं ओढलं. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, नाव पुढे चीनच्या सैक कंपनीकडे गेलं आणि २०१९ पासून गुजरातेतल्या हलोलहून हेक्टर निघू लागली. हेक्टरवर लोगो एमजीचा आहे. पण एमजीए वाटेत अडली तर मदतीला अँबेसेडरचा मिस्त्री जास्त उपयोगी.

भारतात हा प्रश्न उशिरा आला, कारण मेकच मोजके. स्टेट्समन या वृत्तपत्राची विंटेज रॅली १९६४ मध्ये दिल्लीत सुरू झाली ती वयावर, ब्रिटिश वळणाने. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत रस्त्यावर मुख्यतः अँबेसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट. या दोघींना घाटात एकत्र नेलं की मिश्र रांगेचं दुखणं लगेच कळतं. १०८९ सीसीची फियाट आणि जड अँबेसेडर वेगवेगळ्या वेगाने चढतात. पुढची थांबत-निघत गेली की मागच्या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी ढेकर देत बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबणं हा जुना इलाज अजून चालतो.

म्हणून परक्या गाड्या घ्यायच्या तर मेकऐवजी या गोष्टी विचाराव्यात: चढावर किती वेग सहज टिकतो, टाकी किती किलोमीटर पुरते, बॅटरी कशी जोडली आहे. सगळ्यांत हळू गाडी रांगेतल्या पहिल्या गाडीच्या लगेच मागे. ती शेपटाला ठेवली तर प्रत्येक वळणानंतर तिलाच धापा टाकत अंतर भरून काढावं लागतं. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ३३ मीटर. २० गाड्यांची रांग पाऊण किलोमीटरची होते. तीस सेकंदांच्या हिरव्या दिव्यात एका लेनमधून १५ च्या आसपास गाड्या निघतात, म्हणजे ती रांग पहिल्याच सिग्नलला तुटणार. त्यापेक्षा सहा-सात गाड्यांच्या तुकड्या कराव्यात, प्रत्येक तुकडीत त्या मेकचा एक जाणकार ठेवावा आणि पुढच्या थांब्याचं ठिकाण सर्वांना आधीच सांगावं. पेट्रोलसाठी सगळ्यात लहान टाकीचा हिशोब धरायचा. पेट्रोल पंपाच्या दोन नळ्यांवर १५ गाड्या, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे अर्धा तास तिथेच गेला.

बॅटरीची चूक सगळ्यांत महाग पडते. १९६७ पर्यंतच्या बहुतेक बीएमसी गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेलं असतं, नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्यांत ऋण. जंप केबल लावताना धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलं तरी दोन्ही बंपर एकमेकांना टेकलेले असतील तर थेट शॉर्ट होतो, म्हणून मध्ये हातभर जागा सोडायची. शेवटची क्लिप सवयीने चॅसीला लावायची हा आजच्या गाड्यांचा नियम. तसंच ऋणाची क्लिप धन-अर्थच्या गाडीच्या चॅसीला लावली, की ती धनालाच लागते. असा मालक रांगेत असेल, तर त्याच्या बॅटरीवर निघण्याआधीच मोठी चिकटपट्टी लावून ‘धन अर्थ’ असं लिहून ठेवावं.