आतड्याच्या कर्करोगाची तपासणी लोक का टाळत आले?

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या साध्या गाठीतून वाढतो आणि त्याला बरीच वर्षं लागतात. म्हणजे वेळेवर पकडायला भरपूर अवधी असतो. तरी तपासणीचा विषय निघाला की "मला काही त्रासच नाही, मग कशाला?" हे उत्तर ठरलेलं. लाज आणि भीती ही त्यामागची कारणं सगळेच सांगतात. चाचणी करून घेणं किती किचकट होतं, हे मात्र फार उशिरा विचारात घेतलं गेलं.

ग्वायक झाडाची राळ वापरून मलातला रक्ताचा अंश ओळखण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. १९६७मध्ये डेव्हिड ग्रीगर या अमेरिकन डॉक्टरांनी ही राळ लावलेली कार्डं रुग्णांना घरी नेऊन वापरायला देण्याची कल्पना मांडली. १९९३मध्ये मिनेसोटातल्या मोठ्या अभ्यासात दरवर्षी ही चाचणी करणाऱ्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी दिसले.

पण ते कार्ड भरायचं म्हणजे काय? मल पाण्यात पडण्याआधी धरायचा, पुठ्ठ्याच्या काडीने त्याचे दोन नमुने कार्डावर लावायचे, असं तीन वेगवेगळ्या वेळी करायचं आणि तोवर ते कार्ड घरात जपून ठेवायचं. अनेक ठिकाणी त्या दिवसांत लाल मांस वर्ज्य. ज्यांनी कार्ड परत पाठवलं नाही त्यांना बेफिकीर ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. नंतर आलेल्या 'फिट' या मलातलं रक्तच शोधणाऱ्या चाचणीत पथ्य नाही. झाकणाला जोडलेली काडी एकदाच मलात फिरवून बाटलीत बंद करायची. इंग्लंडमध्ये २०१४च्या प्रायोगिक टप्प्यात जुन्या कार्डाला ५९.३ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, 'फिट'ला ६६.४ टक्के. २०१९पासून तिथे सर्वांना 'फिट'च मिळू लागली.

कोलोनोस्कोपीची, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं आतून पाहण्याची, गोष्ट वेगळी. १९६९मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वूल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतूनच पॉलिप काढायला सुरुवात केली, त्यामुळे निदान आणि उपचार एकाच वेळी शक्य झाले. पण रुग्णांना विचारलं तर बरेच जण दुर्बिणीपेक्षा आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधालाच जास्त नावं ठेवतात. २०००मध्ये केटी कुरिक या वृत्तनिवेदिकेने, पती याच आजाराने गेल्यावर, स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली आणि अमेरिकेत काही काळ तपासण्या वाढल्या.

सॅन फ्रान्सिस्कोतला २०१२चा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. फक्त कोलोनोस्कोपी सुचवली त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनीच ती केली. मलाची चाचणी सुचवली तिथे ६७ टक्के आणि दोन्हींतून निवडू दिलं तिथे ६९ टक्के लोकांनी तपासणी पूर्ण केली.

पॉलिप काढून झाल्यावर मात्र मन फिरतं. एकदा गाठ सापडलेल्या माणसाला मलाची चाचणी अपुरी वाटू शकते; त्याला आतून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. २०२०च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी कमी जोखमीच्या अनेकांची पुढची कोलोनोस्कोपी वगळली. अशा वेळी कुणी सुटकेचा श्वास सोडतो, तर कुणाला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. वगळण्याचं कारण डॉक्टरांनी नीट समजावणं इथे फार महत्त्वाचं.

२०२४मध्ये अमेरिकेत रक्ताच्या चाचणीला प्राथमिक तपासणी म्हणून मंजुरी मिळाली. मल हाताळायची अडचण तिने दूर केली, पण पॉलिप ओळखण्यात ती कमजोर आहे आणि दोष दिसलाच तर पुढे कोलोनोस्कोपी करावीच लागते.