बिब्बा उतणे

बिब्ब्याच्या (सेमेकार्पस ॲनाकार्डियम, संस्कृत : भल्लातक) तेलाचा स्पर्श झाल्यावर काही काळाने त्वचेवर उठणारी लाली, खाज, सूज व पाण्याचे फोड यांना सातारा-सांगलीकडे ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. उत्तर अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या वेलीमुळे होणारा त्वचादाह याच जातीचा असून दोन्ही वनस्पती आंबा व काजू यांच्या आम्र कुलातील आहेत. ती वेल या जिल्ह्यांत उगवत नाही. बिब्बा मात्र पाटण, जावळी, शिराळा या बाजूच्या पानझडी रानांत आढळतो.

तेल फळाच्या कवचात असते. ते हवा लागताच काळे पडते व कापडावरून धुऊन जात नाही, म्हणून धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर नेमक्या या खुणांखालीच पुरळ उठलेले आढळले. तेलातील भिलावनॉल हे पॉयझन आयव्हीतील उरुशिऑलासारखेच लांब शृंखलेचे कॅटेचॉल (एक प्रकारचे सेंद्रिय संयुग) आहे. त्वचेत शिरल्यावर त्याचे क्विनोन हे अधिक क्रियाशील संयुग बनते आणि ते तेथील प्रथिनांना चिकटते. त्वचेतील पहारेकरी असलेल्या लांगरहान्स कोशिका हे बदललेले प्रथिन लसीका ग्रंथींत नेऊन टी-लसीका कोशिकांना (शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींना) त्याची ओळख पटवितात. पहिल्या वेळी या ओळखीस साधारण 10 ते 14 दिवस लागतात. पुढच्या स्पर्शानंतर त्याच कोशिका 1 ते 3 दिवसांत त्वचेवर चालून जातात. त्यामुळे सोमवारी लावलेला बिब्बा बुधवारी उतला, की दोष भलत्याच वस्तूला दिला जातो.

हा दाह केवळ तीक्ष्णतेमुळे होतो की अधिहर्षतेमुळे (ॲलर्जीमुळे), याविषयी मतभेद आहेत. चरकसंहितेत (काळ अनिश्चित; सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक) भल्लातक अग्नीसारखा तीक्ष्ण म्हटला आहे, आणि ताजे तेल भरपूर लागल्यास कातडी थेट भाजते हेही खरे. परंतु सुईच्या टोकावर तापवून टाचेच्या भेगेत सोडलेल्या एका थेंबाने एकाला काहीच होत नाही, तर दुसऱ्याचा पाय घोट्यापर्यंत सुजून टरटरतो. हा फरक अधिहर्षतेनेच अधिक समाधानकारक रीतीने उलगडतो.

फोडातील पाण्याने पुरळ पसरत नाही. नव्या जागी ते उशिरा उठते याचे कारण तेथे तेल कमी लागलेले असते किंवा त्वचा जाड असते. नखांत व कपड्यांवर राहिलेले तेल मात्र पुन्हा बाधते. तेल काही मिनिटांतच त्वचेत मुरू लागत असल्याने ती जागा साबणाने लगेच धुणे हाच खरा उपाय होय. घरोघरी खोबरे किंवा तीळ वाटून लावतात. सौम्य दाह 2 ते 3 आठवड्यांत ओसरतो; चेहरा, डोळे किंवा जननेंद्रियांवर सूज आल्यास वैद्यकीय उपचार, बहुधा स्टेरॉइड, आवश्यक ठरतात. बिब्बे जाळल्यास धुराबरोबर तेलाचे कण डोळ्यांत व श्वसनमार्गात जातात. तेथील दाह सर्वांत घातक असतो.