तप्त लोट आणि लाहार: एकापासून आधीच निघायचं, दुसऱ्यापासून वर चढायचं

ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला आधी लाव्हा आठवतो. साहजिक आहे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी पातळ पाकासारखा पसरलेला, थरावर थर चढत गोठलेला लाव्हाच. पण स्फोटक ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा खरा काळ लाव्हा नसतो. तो बहुतेक वेळा इतका संथ असतो की घर जातं, माणूस वाचतो. गावंच्या गावं माणसांसकट जातात ती दुसऱ्या दोन गोष्टींमुळे: तप्त लोट आणि लाहार.

आपल्याकडच्या बातम्यांत या दोघांची सर्रास गल्लत होते. कधी दोन्हींना 'राखेचा लोट' म्हणतात, कधी 'लाव्हाचा पूर'. त्यात 'लाहार' हा शब्द 'लाव्हा'च्या इतका जवळचा की छपाईची चूक वाटावी. ही गल्लत मला फार सलते, कारण एकापासून वाचण्याचा उपाय दुसऱ्याच्या वेळी जीव घेऊ शकतो.

इंडोनेशियात जावा बेटावरच्या मेरापी पर्वताच्या उतारावर राहणाऱ्यांची अशी गल्लत होत नाही. तप्त लोटाला ते 'वेदुस गेम्बेल' म्हणतात, म्हणजे दाट कुरळ्या लोकरीची मेंढी. डोंगरावरून उतरताना तो लांबून अगदी तसाच दिसतो: करडा, गुबगुबीत, एकावर एक फुगत जाणारा. 'लाहार' हा शब्दही जावाचाच, आता जगभरच्या शास्त्रज्ञांनी उचललेला. त्याचा अर्थ डोंगरावरची राख, दगड आणि पाणी मिळून नदीच्या पात्रातून धावणारा गाळ.

मुख्य फरक असा: तप्त लोटाला वाहून नेतो वायू आणि लाहाराला वाहून नेतं पाणी. बाकीचे फरक यातूनच येतात.

तप्त लोट, म्हणजे पायरोक्लास्टिक फ्लो, बहुधा दोन प्रकारे तयार होतो. स्फोटात राखेचा खांब आकाशात चढतो आणि स्वतःचंच वजन न पेलून खाली बसतो. दूध पातेल्याच्या काठावर येऊन बाहेरच्या बाजूंनी खाली ओघळतं, तसा तो डोंगराच्या चारी अंगांनी उतरतो. किंवा मुखाशी घट्ट लाव्हाचा घुमट वाढत जाऊन ढासळतो आणि फुटता फुटता त्याचा भुगा होतो. दोन्ही वेळा राख, दगडांचे तुकडे आणि तापलेले वायू एकत्र खाली येतात. तापमान साधारण 200 ते 700 अंश सेल्सिअस आणि वेग बहुतेकदा ताशी 80 किलोमीटरच्या वर, कधी कधी कित्येक पट जास्त. खालचा जड भाग दरीतून जातो. वरचा हलका, झळाळता ढग मात्र दरीला बांधलेला नसतो. तो टेकडी चढतो, पाण्यावरूनही जातो. 1883 साली इंडोनेशियातल्या क्राकाताऊ ज्वालामुखीचा असा लोट समुद्र ओलांडून सुमात्राच्या किनाऱ्यावर पोहोचला आणि तिथली माणसं भाजून मेली.

लाहाराला उष्णता लागतच नाही. तो गरम असू शकतो किंवा नदीच्या पाण्याइतका गार. लागतात फक्त तीन गोष्टी: सुटी राख, उतार आणि पाणी. पाणी वितळलेल्या बर्फाचं असेल, फुटलेल्या विवर-सरोवराचं किंवा नुसत्या पावसाचं. स्लॅब भरताना मिक्सरमधून पडणारा माल आठवा. तो पाण्यासारखा उडत नाही, एकसंध सरकतो आणि खडी त्याच्यावर तरंगल्यासारखी येते. लाहार तसाच, फक्त त्यातली 'खडी' कधी घराएवढी असते. वाटेतली माती, झाडं, पूल पोटात घेत तो मोठा होत जातो. अर्ध्यावर थांबला तर त्यात छातीपर्यंत रुतलेल्या माणसाला ओढून काढणं जवळजवळ अशक्य असतं.

हे दोन्ही एकाच गावाने एकाच आठवड्यात पाहिले. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा माँ पेले, साल 1902. 5 मे रोजी विवरातलं पाणी फुटलं, नदीच्या खोऱ्यातून उकळता चिखल आला आणि किनाऱ्याजवळचा गेरँ यांचा साखर कारखाना माणसांसह गाडला गेला. तो लाहार होता. जवळच्या सेंट-पिएर शहरात घबराट पसरली. गव्हर्नरने नेमलेल्या समितीने 7 मे रोजी मत दिलं की विवराची आणि दऱ्यांची रचना पाहता शहराला धोका नाही, कारण दऱ्या थेट समुद्राकडे उघडतात. चिखलाच्या बाबतीत हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. चिखल दरीतूनच जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 8 च्या सुमारास जे आलं त्याने दरीची पर्वा केली नाही. तप्त लोट एक-दोन मिनिटांत शहरावर पोहोचला. सुमारे 28,000 माणसं गेली. बंदरात नांगरलेली जहाजंसुद्धा पेटली. शहराच्या आत सापडून वाचल्याची नोंद जेमतेम दोन-तीन जणांची आहे. त्यातला एक, लुडगर सिलबारिस, तुरुंगाच्या जाड दगडी कोठडीत होता. दाराच्या जाळीतून आत आलेल्या गरम हवेनेच त्याचं अंग भाजलं. चार दिवसांनी त्याला बाहेर काढलं. ती कोठडी अजून उभी आहे, आणि वाचायला काय लागलं असतं ते तिच्याकडे पाहून कळतं: जाड दगड, जवळजवळ बंद दार आणि नशीब. बाकी घरात असो, रस्त्यावर असो, चर्चमध्ये असो, काहीच फरक पडला नाही. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड लाक्रुआ यांनी तिथे अभ्यास केला आणि या प्रकाराला 'जळते मेघ' या अर्थाचं फ्रेंच नाव दिलं.

आता याची उलटी बाजू. कोलंबियातला नेवादो देल रुईस, 5,300 मीटरहून उंच, माथ्यावर बर्फ. 13 नोव्हेंबर 1985 च्या दुपारी आर्मेरो गावावर राख पडू लागली. शांत राहा, घरातच थांबा, असं लोकांना सांगण्यात आलं. राख पडत असेल तर हा सल्ला ठीकच आहे. पण आर्मेरोवर येणार होतं ते वरून नव्हतं, नदीतून होतं. रात्री 9 नंतर मोठा स्फोट झाला. ज्वालामुखींच्या हिशेबात तो लहानच होता. त्यातून निघालेल्या तप्त लोटांनी माथ्यावरचं साधारण दहावा हिस्सा बर्फ वितळवलं. ते पाणी लागुनिया नदीच्या खोऱ्यात उतरलं आणि गाळ खात खात फुगलं. साडेअकराच्या सुमारास, सत्तरएक किलोमीटरवरच्या आर्मेरोत, झोपलेल्या गावावर लाहार आदळला. एकूण 23,000 च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आर्मेरोची.

मधले ते दोन तास मला चैन पडू देत नाहीत. सेंट-पिएरला लोट निघाल्यावर कोणाच्या हातात काही उरलं नव्हतं. आर्मेरोला दोन तास होते, आणि गावाजवळच उंचवटे होते. गावाला धोका दाखवणारा नकाशाही महिनाभर आधी तयार झालेला होता. 1845 साली याच खोऱ्यातून आलेल्या लाहाराने शेकडो माणसं गाडली होती आणि आर्मेरो त्याच गाळावर वसलं होतं. तो गाळ वाळला की सपाट, सुपीक जमीन होते, म्हणून माणसं तिथेच परत येतात. यात त्यांना दोष देणं मला जमत नाही.

लाहाराचा आणखी एक गुण तप्त लोटात नाही: त्याला जागा ज्वालामुखी लागतोच असं नाही. न्यूझीलंडमध्ये 24 डिसेंबर 1953 च्या रात्री रुआपेहूचं विवर-सरोवर फुटलं. तेव्हा ज्वालामुखी शांत होता. तांगिवाईचा रेल्वेपूल खचला आणि काही मिनिटांनी तिथे आलेल्या गाडीतली 151 माणसं मेली. फिलिपिन्समध्ये पिनातुबोचा महास्फोट 1991 चा, पण बाकोलोर गाव गाडलं गेलं 1995 च्या पावसाळ्यात. तिथलं सान गिलेर्मो चर्च निम्म्या उंचीपर्यंत गाळात गेलं. लोकांनी गाळ उपसला नाही, त्याच्यावरच नवी फरशी घातली. एकेकाळच्या खिडक्यांतून आज माणसं आत जातात.

म्हणून दोन्हींची तयारी वेगळी. तप्त लोटासाठी सायरनचा फारसा उपयोग नाही. डोंगर बोलू लागला की परिसर रिकामा करायचा, आणि लोट निघायच्या आधी. 2010 मध्ये मेरापीभोवतीचा रिकामा करायचा पट्टा 10 वरून 15, मग 20 किलोमीटरपर्यंत वाढवला आणि लाखो लोक हलवले. तरी साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, पण पट्टा वाढवला नसता तर आकडा हजारांत गेला असता. लाहारासाठी मात्र नदीच्या वरच्या अंगाला जमिनीचा थरार टिपणारी यंत्रं बसवतात, खाली गावात भोंगे लावतात. भोंगा वाजला की नदीच्या दिशेने किंवा पात्राच्या कडेने गाडी पळवायची नाही, आडवं वळून सरळ उंचावर चढायचं.

अमेरिकेत रेनियर पर्वताच्या पायथ्याशी ऑर्टिंग नावाचं गाव आहे, तेही जुन्या लाहाराच्या गाळावर वसलेलं. तिथे शाळेतली मुलं याचा सराव करतात: वर्ग सोडायचा, रांगेत चालत खोऱ्यातून बाहेर पडायचं आणि चढ गाठायचा. डोंगरावरून गाळ गावात यायला तासाभराहून कमी वेळ लागेल असा अंदाज आहे, आणि मुलं चालतात ती तेवढ्या वेळाच्या हिशेबाने.